बोलोन्याच्या देवळांतील सूर्यबिंब

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवळाचा, शाळेचा आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तान्त इतर लेखकांनीं दिलाच आहे. मजजवळ संपादकमंडळानें “कांहीं तरी इतिहासाचें” मागितलें, तेव्हां मीं थोडा दूरचा इतिहास निवडला. ज्युबिली म्हणजे वर्षांची मोजणी, आणि वर्ष किती लांबीचें हें सूर्याला विचारल्यावांचून सांगतां येत नाहीं. हें माप नक्की करण्यासाठीं ख्रिस्तसभेनें आपलीं मोठमोठीं देवळें वेधशाळेसारखीं वापरूं दिलीं. आणि जवळजवळ त्याच काळांत, पृथ्वी फिरते असें म्हणणाऱ्या एका वृद्ध पंडितास तिनें गुडघे टेकावयास लाविलें. आपले टीकाकार दुसरी गोष्ट तेवढी सांगतात, आपण पहिली तेवढी सांगतों. दोन्ही खऱ्या आहेत, म्हणून त्या एके ठिकाणीं लिहून ठेवण्याचा विचार आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत दर वर्षीं कोणी तरी मुलगा उठून विचारतो, “फादर, गॅलिलिओला चर्चनें जाळलें, हें खरें काय?” जाळलें नाहीं, असें मी सांगतों, त्याचें तेवढ्यानें समाधान होतें, आणि तो खालीं बसतो. परंतु खटला तेवढ्यानें निकालांत निघत नाहीं. माझें मात्र समाधान होत नाहीं.

उत्तर इटलींतील बोलोन्या हें शहर १५०६ पासून १७९६ पर्यंत पोपांच्या राज्यांत होतें. ग्रहगतीच्या ह्या दीर्घ वादाचा बहुतेक प्रत्येक अंक त्या एका शहराच्या गल्ल्यांतून पाहतां येतो, म्हणून मी आपल्याला तेथेंच नेतों.

९ मार्च १४९७ ह्या रात्रीं पोलंडकडील एक तरुण विद्यार्थी बोलोन्यांत आकाशाकडे पाहत होता. चंद्र रोहिणीच्या ताऱ्याजवळ सरकत आला आणि त्यानें तो तारा झांकून टाकला. विद्यार्थ्यानें वेळ टिपून ठेविली. तो आला होता धर्मसभेच्या कायद्याचा अभ्यास करावयास; परंतु दोमेनिको नोव्हारा ह्या ज्योतिषाच्या अध्यापकाच्या सहवासांत त्याचें मन तिकडे वळलें. हाच निकोलस कोपर्निकस. पुढें स्वदेशीं परत जाऊन तो फ्रॉमबोर्क येथील महामंदिराचा कॅनन म्हणून राहिला, आणि सेहेचाळीस वर्षांनीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्या रात्रीच्या वेधाचा उपयोग केला.

त्याच्यापूर्वीं जें मत चाललें होतें, तें मूर्खांचें मत होतें असें कोणीं समजूं नये. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें पृथ्वी मध्यें स्थिर ठेवून सूर्य, चंद्र आणि पांच ग्रह ह्यांचें जें गणित बसविलें, त्यावर चौदाशें वर्षें ग्रहणें आणि सण काढण्यांत आले. आपले पंचांगकर्तेही पृथ्वीपासून दिसणारीं ग्रहस्थानेंच मांडतात. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते असें लिहिलें होतें खरें. परंतु ब्रह्मगुप्तादि मोठ्या ज्योतिष्यांनीं तें मानिलें नाहीं. पायांखालची भूमि हलते, हें पचविणें कोठेंच सोपें गेलें नाहीं.

जुन्या गणितांतील अडचणीची जागा म्हणजे ग्रहांचें वक्री होणें. मंगळ पूर्वेकडे चालतां चालतां थांबतो, कांहीं आठवडे मागें जातो, पुन्हा मार्गी होतो. टॉलेमीनें त्यासाठीं मोठ्या वर्तुळावर फिरणारें लहान वर्तुळ कल्पिलें. कोपर्निकसानें सूर्य मध्यें ठेवून पृथ्वीला ग्रह केलें, आणि वक्रगतीचें कोडें उलगडलें. आपण जलद आगगाडींत बसलों असतां शेजारच्या रुळांवरील मंद गाडी मागें जात आहे असें वाटतें, तसाच पृथ्वीनें मंगळास गांठून पुढें टाकलें कीं मंगळ मागें सरकल्यासारखा दिसतो. शिवाय ग्रहांची एक ओळ लागली: बुध ८८ दिवसांत फेरी करतो, शुक्र २२५, पृथ्वी वर्षांत, मंगळ ६८७ दिवसांत, गुरु सुमारें बारा वर्षांत आणि शनि साडेएकोणतीस वर्षांत; जो जितका दूर, तो तितका मंद. ही ओळ जुन्या व्यवस्थेंत आपोआप पडत नव्हती.

त्याचा ग्रंथ १५४३ मध्यें न्यूरेंबर्ग येथें छापून निघाला, आणि त्याच वर्षीं त्याचें देहावसान झालें. ग्रंथ पोप तिसरे पॉल ह्यांस अर्पण केलेला आहे. तो प्रसिद्ध करावा म्हणून सात वर्षें आधीं कार्डिनल शोनबर्ग ह्यांनीं त्यास पत्र लिहिलें होतें. त्याचे स्नेही बिशप गीझे हेही मागें लागले होते. पुढें त्र्याहत्तर वर्षें ह्या ग्रंथावर रोमची बंदी नव्हती. वर्गांत मी हें सांगतों तेव्हां मुलांना तें नवल वाटतें.

परंतु कोपर्निकसाजवळ पुरावा नव्हता. सुबक रचना होती. पुरावा ही निराळी वस्तु. एक बोट डोळ्यांपुढें धरून प्रथम डावा आणि मग उजवा डोळा मिटून पाहावा, म्हणजे बोट भिंतीवर सरकलेलें दिसतें. पृथ्वी जर सूर्याभोंवतीं एवढी मोठी फेरी घालीत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतरानें जवळचे तारेही असेच सरकलेले दिसले पाहिजेत. ते दिसत नव्हते. कोपर्निकसाचें उत्तर असें कीं, तारे फारच दूर आहेत. उत्तर बरोबर होतें, पण तें दाखवितां येत नव्हतें. डेन्मार्कचा टायको ब्राही हा दुर्बिणीपूर्व काळांतील सर्वांत कुशल वेध घेणारा. त्यानें म्हणूनच मधला मार्ग काढला कीं, इतर ग्रह सूर्याभोंवतीं फिरतात, आणि त्या सर्वांसह सूर्य पृथ्वीभोंवतीं फिरतो.

१६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बिणींतून गुरूचे चार चंद्र पाहिले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शुक्राच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या. रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयांतील गणित्यांनीं १६११ मध्यें हे वेध खरे असल्याचें सांगितलें आणि त्याचा सन्मान केला. शुक्राच्या कलांमुळें टॉलेमीची व्यवस्था कोसळली, ह्यांत संशय नाहीं. तथापि टायकोची तशीच उभी राहिली. कारण तिच्यांतही शुक्र सूर्याभोंवतींच फिरतो.

येथेंच तो नाजूक क्षण आला. कार्मेल संघाचे धर्मगुरु फोस्कारिनी ह्यांनीं कोपर्निकसाचें मत पवित्र शास्त्राशीं जुळतें असें दाखविणारें पुस्तक लिहिलें. १२ एप्रिल १६१५ रोजीं कार्डिनल बेलार्मिन ह्यांनीं, जे आज आपल्या वेदीवर संत म्हणून पूजिले जातात, त्यांस उत्तर धाडलें. त्याचा भावार्थ असा: पृथ्वी फिरते ह्याचा खरा पुरावा पुढें आला, तर यहोशवानें सूर्य थांबविल्याच्या वचनासारख्या वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आणि तीं आपल्यास समजलीं नव्हतीं असें म्हणावें लागेल, परंतु असा पुरावा आपण अद्याप पाहिलेला नाहीं. पुरावा मागणें न्याय्य होतें. माझ्या मतें त्या पत्रांत दार किलकिलें ठेविलेलें होतें. दुःख असें कीं, वर्ष होतें न होतें तोंच, ५ मार्च १६१६ च्या आज्ञापत्रानें तें लावून टाकण्यांत आलें. तें मत खोटें आणि शास्त्रविरुद्ध ठरविलें गेलें. फोस्कारिनींच्या पुस्तकास सर्वस्वी बंदी झाली, आणि कोपर्निकसाचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत अडकवून ठेविला. जेथें थांबून पाहावयाचें होतें तेथें निकाल देण्यांत आला. खरा अपराध मला येथें दिसतो, १६३३ मध्यें नव्हे. १६३३ हें त्याचें फळ.

आपल्या वाचकांस हें १६१६ साल दुसऱ्या एका कारणानें ओळखीचें आहे. त्याच वर्षीं गोव्यांत रायतूर येथें फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें मराठी ‘क्रिस्तपुराण’ प्रथम छापून निघालें. आणि दोनच वर्षांनीं ह्या वादाचा एक धागा खरोखर गोव्यास येऊन पोहोंचला. चीनला जाण्यास निघालेले येशूसंघाचे गणिती श्रेक आणि किर्विट्झर १६१८ मध्यें गोव्यास उतरले होते. श्रेक हे येशूसंघांत येण्यापूर्वीं गॅलिलिओच्याच विद्वन्मंडळाचे सभासद झाले होते. त्या वर्षाच्या अखेरीस आकाशांत जे धूमकेतु दिसले, त्यांचे वेध ह्या मंडळींनीं येथून घेतले, आणि किर्विट्झर ह्यांनीं ते १६२० मध्यें युरोपांत छापविले. ह्याच धूमकेतूंवरून रोममध्यें येशूसंघीय फादर ग्रास्सी आणि गॅलिलिओ ह्यांचें कडाक्याचें भांडण जुंपलें, आणि ज्या संघानें १६११ मध्यें त्याचा गौरव केला होता त्यांतील पुष्कळ मनें त्याच्यापासून तुटलीं. गॅलिलिओची लेखणी तिखट होती, हेंही सांगितलें पाहिजे.

१६३२ मध्यें त्याचा संवादरूप ग्रंथ निघाला. त्यांत पृथ्वीच्या गतीचा मुख्य पुरावा म्हणून त्यानें भरती-ओहोटी पुढें केली, आणि तिचा चंद्राशीं संबंध आहे असें म्हणणाऱ्या केप्लरास नांवें ठेविलीं. भरती चंद्राच्या तिथीप्रमाणें येते हें आपल्या कोळीवाड्यांतलें पोरही सांगेल! सिद्धान्त खरा, पुरावा चुकीचा. पण चुकीच्या पुराव्याला उत्तर द्यावयाचें तें दुसऱ्या पुराव्यानें. २२ जून १६३३ रोजीं एकुणसत्तर वर्षांच्या त्या वृद्धाकडून गुडघ्यांवर बसवून आपलें मत सोडल्याचें वदवून घेतलें. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकीं तिघांच्या सह्या त्या निकालावर नाहींत. त्याला जाळलें नाहीं, अंधारकोठडींतही टाकलें नाहीं; परंतु ८ जानेवारी १६४२ रोजीं मृत्यु येईपर्यंत तो आपल्याच घरीं नजरकैदेंत राहिला. तो श्रद्धावान कॅथॉलिक होता, आणि कॅथॉलिक म्हणूनच मेला.

आतां पुन्हा बोलोन्यास चला. तेथें आसिनेल्ली नांवाचा सुमारें ९७ मीटर उंचीचा जुना मनोरा आहे. फादर रिच्चोली ह्या येशूसंघीय पंडितानें आपल्या सोबत्यांसह त्यावरून गोळे सोडून त्यांच्या पडण्याचा वेळ मोजला, आणि पडणाऱ्या वस्तूंविषयीं गॅलिलिओनें सांगितलेला नियम खरा आहे असें प्रामाणिकपणें लिहिलें. १६५१ मध्यें छापलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथांत त्यानें पृथ्वीच्या गतीस अनुकूल ४९ आणि प्रतिकूल ७७ अशीं १२६ प्रमाणें मांडून तोललीं. त्याचा एक आक्षेप असा कीं, पृथ्वी फिरत असती तर उत्तरेकडे मारलेला तोफेचा गोळा किंचित् एका बाजूस जाता. तसें दिसत नाहीं, सबब पृथ्वी स्थिर. विचार अगदीं बरोबर होता! गोळा खरोखरच बाजूस जातो. मोजण्याचीं साधनें मात्र तेव्हां नव्हतीं. ह्याच रिच्चोलीनें चंद्रावरील विवरांना नांवें दिलीं, तीं आज सर्व जग वापरतें, आणि त्यांतलें एक अत्यंत ठळक विवर त्यानें ज्याचें मत आपण खोडून काढलें त्या कोपर्निकसाला दिलें. असा प्रतिपक्षी सर्वांना लाभो.

मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर संत पेत्रोनियो ह्यांचें विशाल मंदिर आहे. इ. स. ३२५ च्या नायसीया येथील धर्मपरिषदेच्या काळापासून ईस्टरचा दिवस वसंतसंपाताशीं बांधलेला आहे: २१ मार्च, त्यानंतरची पौर्णिमा, त्यानंतरचा रविवार. जुन्या ज्युलियन गणनेंत वर्ष सुमारें अकरा मिनिटांनीं अधिक धरलेलें असल्यामुळें सोळाव्या शतकापर्यंत संपात ११ मार्चवर मागें आला होता. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ मध्यें ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरून दहा दिवस काढून टाकले. त्यापूर्वींच दोमिनिकन संघाच्या इन्यात्सियो दांती ह्यांनीं ह्या मंदिराच्या भिंतींत उंच एक छिद्र ठेवून फरशीवर रेषा आंखली होती. दुपारीं छिद्रांतून येणारें सूर्यबिंब त्या रेषेवर कोठें पडतें, ह्यावरून संपात आणि अयन ठरवितां येत. पुढें मंदिर वाढवितांना ती भिंतच पाडण्यांत आली.

तेव्हां जोव्हान्नी दोमेनिको कासिनी ह्या तीस वर्षांच्या अध्यापकानें नवी रेषा आंखण्याची परवानगी मागितली, आणि मंदिराच्या व्यवस्थापकांनीं ती दिली. खांबांची रांग आड येत होती. त्यांतून जेमतेम वाट काढून त्यानें ६६ मीटरांहून लांब अशी शुद्ध दक्षिणोत्तर रेषा घातली. छिद्र २७.०७ मीटर उंचीवर, व्यास उंचीच्या बरोबर सहस्रांशाएवढा. १६५५ च्या जून महिन्यांत, सूर्य अगदीं उत्तरेस असतां, त्यानें गांवांतील विद्वानांस पाहावयास बोलाविलें.

कासिनीला ईस्टरखेरीज आणखी एक प्रश्न सोडवावयाचा होता. मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत सुमारें १८६ दिवस जातात, आणि तेथून पुन्हा मार्चपर्यंत सुमारें १७९. म्हणजे सूर्य वर्षाच्या एका भागांत मंद चालतो. जुन्या मताप्रमाणें हा निव्वळ भास: सूर्य एकाच वेगानें चालतो, पण त्याच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून बाजूस आहे, म्हणून दूर गेल्यावर तो मंद वाटतो. केप्लरचें म्हणणें, कीं ह्यांत अर्धा भास आणि अर्धें सत्य. मध्य सरकलेला आहे तो निम्माच, आणि उरलेल्या फरकापुरता वेग खरोखर कमीजास्त होतो. ह्याचा निवाडा सूर्यबिंबाच्या आकारावरून करतां येतो. जुनें मत खरें असेल तर बिंबाचा व्यास उन्हाळ्यापेक्षां हिंवाळ्यांत सुमारें दोन कलांनीं मोठा भरला पाहिजे; केप्लर खरा असेल तर एकाच कलेनें. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. मंदिराच्या फरशीवर ती बोटाच्या रुंदीएवढी पडते.

बिंब मोजण्यांत आलें. फरक एका कलेचा निघाला.

केप्लरच्या कोपर्निकसमतावरील पाठ्यग्रंथाला १६१९ पासून बंदी होती. गॅलिलिओच्या शिक्षेला जेमतेम बावीस वर्षें लोटलीं होतीं. आणि पोपांच्या राज्यांत, देवळाच्या फरशीवर, केप्लरचें गणित खरें ठरलें. अर्थात् एवढ्यानें पृथ्वी फिरते असें सिद्ध झालें नाहीं. सूर्य फिरो वा पृथ्वी फिरो, तें माप दोहोंस लागू पडतें, आणि कासिनीनें तसा दावाही केला नाहीं. परंतु इतर ग्रहांची जशी चाल, तशीच ही निघाली. ती पृथ्वीची मानली कीं पृथ्वी ग्रहांच्या पंगतींत बसते. समजणारे समजले.

खरा पुरावा १७२९ मध्यें इंग्लंडांतून आला. पाऊस सरळ पडत असला तरी चालणारा मनुष्य छत्री पुढें कलती धरतो. ब्रॅडलीला आढळलें कीं ताऱ्यांकडे रोंखलेली दुर्बीणही तशीच, सुमारें वीस विकलांनीं, पृथ्वीच्या गतीच्या दिशेस कलती धरावी लागते. त्याच वर्षीं बोलोन्यांत युस्ताकियो मानफ्रेदी ताऱ्यांच्या ह्याच हालचालीवर ग्रंथ छापीत होता. ह्या घटनेचें शास्त्रीय नांव ‘अबरेशन’ त्याच्याच ग्रंथांतून आलें आहे. मूळचे बोलोन्याचे आणि तेथीलच आर्चबिशप लांबेर्तिनी १७४० मध्यें चौदावे बेनेडिक्ट ह्या नांवानें पोप झाले. त्यांच्या कारकीर्दींत गॅलिलिओचा संवादग्रंथ, टिपांसह का होईना, १७४४ मध्यें पादुआ येथें छापला गेला, आणि १७५८ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादींतून पृथ्वीच्या गतीविषयींच्या पुस्तकांवरील सरसकट बंदी गळाली. १७९० ते १७९२ च्या दरम्यान गुल्येल्मिनी नांवाच्या गणित्यानें रिच्चोलीच्याच आसिनेल्ली मनोऱ्यावरून रात्रीच्या निवांत वेळीं गोळे सोडले. ते ओळंब्याच्या पूर्वेस, दोन सेंटिमीटरांच्या आंत, पडले. त्याच्या मापांत दोष होते. तथापि रिच्चोलीला जें दिसलें नव्हतें त्याची पहिली चाहूल तेथेंच लागली. ताऱ्यांचें सरकणें मोजण्यास १८३८ साल उजाडलें. बेसेलनें हंस राशींतील एका ताऱ्याविषयीं तें दाखविलें, आणि तें विकलेच्या तृतीयांशाहूनही कमी भरलें.

आपल्याकडील उशीर मात्र लपविण्यासारखा नाहीं. ब्रॅडलीच्या शोधाला नव्वद वर्षें उलटल्यावरही, १८२० मध्यें रोम येथील धर्मगुरु-अध्यापक सेत्तेले ह्यांच्या पाठ्यपुस्तकाला पृथ्वीची गति सत्य म्हणून शिकविते म्हणून परवानगी नाकारण्यांत आली होती. सातवे पायस ह्यांच्या कारकीर्दींत ती मिळाली, आणि कोपर्निकस, केप्लर व गॅलिलिओ ह्यांचे ग्रंथ १८३५ च्या यादींतून गाळले गेले. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९३ मध्यें स्पष्ट केलें कीं, पवित्र लेखक सृष्टीविषयीं डोळ्यांना दिसतें तसें, लोकांच्या बोलींत लिहितात. आपणही “सूर्य उगवला” असेंच म्हणतों, आणि त्यांत कोणी खोटें बोलत नाहीं. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्या काळच्या ईशज्ञान्यांची चूक उघडपणें मान्य केली. १६३३ पासून मोजिलें तर तीनशें एकुणसाठ वर्षें झालीं.

वर्गांतील मुलाला आतां मी हें सर्व सांगतों. तास पुरत नाहीं, म्हणून येथें लिहिलें. आपल्यांतील कित्येकांचीं मुलें परदेशीं नोकरीस आहेत. कोणाचें इटलींत जाणें झालें, तर निरभ्र दिवशीं मध्यान्हाच्या सुमारास बोलोन्याच्या त्या मंदिरांत डाव्या हाताच्या बाजूस उभें राहावें. वरच्या छिद्रांतून येणारें तेजाचें बिंब अजूनही फरशीवरून सरकत येतें, कासिनीच्या रेषेला शिवतें, आणि सुमारें सव्वादोन मिनिटांत तिला ओलांडून पलीकडे जातें.